दुसऱ्या रिंगच्या आत

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एका तळमजल्यावरच्या घरात चला. मागच्या रस्त्याला लागून लांबट व्हरांडा आहे. एका कोपऱ्यात पाण्याने भरलेली घमेली, त्यात भिजत पडलेल्या वेताच्या पट्ट्या, आणि शेजारी बूड नसलेली एक खुर्ची. दुसऱ्या कोपऱ्यात निळी सायकल. एक बाई वाकून त्या सायकलच्या चाकातून जाड साखळी ओवते आहे. हात इतके थरथरतायत की कुलूप काही केल्या लागत नाही. दारात अकरा वर्षांची मुलगी उभी आहे. तिच्या डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टर आहे. आणि त्या अर्धवट खुर्चीपाशी, ओला वेत तसाच हातात धरून, मुलीची आत्या बसली आहे.

तुम्ही त्या आत्याशेजारी बसा. कारण या घरात त्या दिवसांत जे काही दुखलं, ते सगळ्यांत खोल तिथेच दुखलं…

"लागलं एकदाचं!" कुलूप खटकन बसवत वहिनी उठली. तिने किल्ली मुठीत घट्ट धरली आणि नणंदेकडे न बघताच म्हणाली, "वन्सं, आता ही सायकल या घरातून बाहेर पडणार नाही. आणि भिंगरीला तुम्ही कुठेही घेऊन जायचं नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा नाही."

"बरं," आत्या म्हणाली.

"बरं काय, बरं? तुमच्या हौसेपायी माझं पोर मरता मरता वाचलं! म्हणे, जाऊ दे एकटी, शिकू दे… तुमचं स्वतःचं मूल असतं ना, तर कळलं असतं, एकटं सोडणं म्हणजे काय ते!"

 आत्याच्या हातातल्या वेताचं पाणी टपटप फरशीवर गळत होतं. हे वाक्य कधीतरी येणार हे तिला इतकी वर्षं ठाऊक होतं की काय कोण जाणे. पण ते आलं तेव्हा तिच्या अंतःकरणाचे दोन तुकडे झाले. भिंगरीच्या जन्मापासून तिला न्हाऊमाखू घालणारे, ताप आला की उशाशी जागणारे, तिची पहिली पावलं झेलणारे हात तिचेच होते ना? पण खाली मान घालून तिने वेताची पट्टी खुर्चीच्या चौकटीतल्या भोकात घातली, पलीकडून ओढली आणि खुंटी ठोकली.

दारातली भिंगरी मात्र पांढरीफटक पडली होती. तिचे ओठ हलले. आत्याने तिच्याकडे एकदाच बघितलं, आणि त्या नजरेत एवढी कळकळीची विनवणी होती, की पोरीने तोंडातला शब्द तसाच गिळला.

कारण त्या दोघींमध्ये एक गुपित होतं…

ते कळायचं तर आधी या घरातला एक नियम कळला पाहिजे. इथे फोन वाजला की दुसऱ्या रिंगच्या आत उचलायचा. आंघोळ चालू असो, तोंडात घास असो, काही असो! भिंगरीने कितीदा तरी केसांना साबणाचा फेस तसाच ठेवून फोन उचलला होता, आत्याने ओल्या हातांनी उचलून दोन फोन बिघडवले होते. भिंगरीचे बाबा, म्हणजे आत्याचा दादा, दूर धरणाच्या कामावर असायचा आणि महिन्यातून एकदा घरी यायचा. तो म्हणायचा, "आपल्या घरचा माणूस मरायला टेकला तरी आधी फोन उचलेल, आणि मगच मरेल!" सगळे हसायचे. वहिनी मात्र हसायची नाही.

वहिनी काम करायची ती रुग्णवाहिका बोलावण्याचे फोन घेणाऱ्या खोलीत. कानांवर हेडफोन, समोर नकाशा, आणि दिवसभर अनोळखी माणसांचे आक्रोश… कुणाचे वडील कोसळलेले, कुणाचं बाळ श्वास घेत नाहीये, कुणी रस्त्यात पडलेलं. आणि ही शांत आवाजात म्हणायची, "घाई नाही. कुठे आहात ते आधी सांगा. मी ऐकतेय." घरी एवढ्या तेवढ्याने घाबरणारी ही बाई तिथे मात्र दगडासारखी स्थिर असायची.

पण काही वर्षांपूर्वी एका दुपारी त्या खोलीत माणसं कमी होती. प्रत्येकीच्या कानात एकेक जीव टांगलेला, आणि एक फोन वाजत राहिला… वाजत राहिला… आणि वहिनीचा हात तिथे पोचेपर्यंत बंद पडला. पलीकडे एक लहान मूल होतं, हे नंतर कळलं. दोष कुणाचाच नव्हता, तसं वरिष्ठांनीही सांगितलं. पण वहिनी अंथरुणाला खिळली. खाणं सुटलं, झोप उडाली. भिंत बघत बसायची आणि मध्येच म्हणायची, "वाजतोय… उचला ना कुणीतरी!" त्या काळात तिला चमच्याने भरवलं ते आत्याने. ती माणसांत परत आली, कामावर परत गेली. पण येताना हा नियम घेऊन आली. वाजलेला फोन उचलला गेला म्हणजे माणूस जिवंत आहे, एवढंच तिचं मन शिकलं होतं.

आता सायकलचं. भिंगरीला सायकल शिकवली आत्याने, मैदानामागच्या सपाट रस्त्यावर.

"आत्या, सोडू नकोस हं!"

"नाही गं सोडत."

"धरलंयस ना?"

"धरलंय, धरलंय!" लांबून, धापा टाकत आत्या ओरडली, आणि आवाज एवढा मागून कसा येतोय हे लक्षात येताच पोर किंचाळली, आणि किंचाळतच सरळ पुढे गेली!

पण आत्या नुसती हौशी नव्हती. ब्रेक दोन्ही मिळून हळूहळू दाबायचे, वळण्याआधी खांद्यावरून मागे बघायचं, उभ्या गाडीच्या अगदी जवळून जायचं नाही, कारण दार कधी उघडेल सांगता येत नाही, मोठ्या चौकात उतरून सायकल हातात धरून पलीकडे जायचं, हे सगळं तिने महिनोन्‌महिने घोटून घेतलं होतं. मग भिंगरीला पोहण्याच्या तलावापर्यंत एकटीने जाऊ द्यावं म्हणून आत्याने परवानगी मागितली. वहिनीने आधी सपशेल नाही म्हटलं. मग रडवेल्या तोंडाने हो म्हटलं. "पण फोन बरोबर हवा. आणि मी फोन केला की…"

"दुसऱ्या रिंगच्या आत!" भिंगरीने वाक्य पुरं केलं.

आत्याने हे ऐकलं होतं. सायकलबद्दल ती इतकं शिकवत बसली, पण या एका वाक्यापाशी तिचं मन थबकलं नाही. घरातली हवाच ती. हवेची कोण शंका घेतं?

पहिल्या दिवशी आत्या पुढे जाऊन पुलाच्या उतारापाशी, औषधांच्या दुकानाबाहेर उभी राहिली. पोर दिसली. पाठ ताठ, हेल्मेटचा पट्टा लावलेला, ब्रेकवर बोटं. कसं सुरेख येत होतं लेकरू! आत्याचा ऊर भरून आला… आणि तेवढ्यात भिंगरीच्या खिशातला फोन वाजला.

आत्याने बघितलं. पोरीचा डावा हात हँडल सोडून झटकन खिशाकडे गेला. पुढचं चाक थरथरलं, कडेच्या गटाराच्या जाळीत अडकलं, आणि सायकल आडवी झाली. मागून सामान पोचवणारी व्हॅन येत होती. ब्रेकचा तो किंचाळणारा आवाज… आत्या धावली की उडाली, तिलाच कळलं नाही. व्हॅनचं चाक पोरीच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर थांबलं होतं. चालक खाली उतरून नुसता उभा राहिला. 

"आत्या… हात…" भिंगरी कण्हली. आणि मग, वेदनेपेक्षाही भीतीने, "आईला सांगू नको ना, की तिच्या फोनमुळे… ती परत तशी होईल!"

रस्त्यावर पडलेला फोन पुन्हा वाजू लागला. आत्याने उचलला. चहाच्या सुट्टीतून बोलणाऱ्या वहिनीचा आवाज आला, "काय गं, एवढा वेळ?"

त्या एका क्षणात आत्याच्या डोळ्यांपुढून भिंत बघत बसलेली वहिनी सरकून गेली. आणि ती म्हणाली, "वहिनी, मी बोलतेय. भिंगरी पडलीय, शुद्धीवर आहे. माझंच चुकलं. मी लांबून हाक मारली, तिने वळून बघितलं, आणि तोल गेला…"

असं ते गुपित. म्हणूनच व्हरांड्यात त्या दिवशी आत्या नुसतं 'बरं' म्हणाली.

पुढचे दिवस कठीण गेले. जेवताना वहिनी तिच्याशी बोलेना. ताट पुढे सरकवायची, पण नजर दुसरीकडे. दादाचा धरणावरून फोन आला, तोही म्हणाला, "तुझ्याकडून अशी अपेक्षा नव्हती गं."  दुसऱ्या गावातला फर्निचरवाला आत्याला खुर्च्या विणायच्या कामाला कितीतरी वर्षांपासून बोलावत होता. राहायला खोली देतो, म्हणत होता. इतकी वर्षं भिंगरीसाठी तिने त्याला नकार दिला होता. आता तिने हो कळवलं, आणि वेत कापायची सुरी, खुंट्या, हातोडी एका जुन्या पिशवीत भरायला घेतली. आपण गेलो की वहिनीचं मन शांत होईल, घर पुन्हा हसेल… एवढाच विचार होता तिच्या मनात. आणि खरं सांगायचं तर, त्या विचारात कुठेतरी तिला एक समाधानही वाटत होतं. आपल्याला कितीही बोल लागोत, पोर तर सुखरूप आहे!

पण सुखरूप होती का?

पिशवी भरून झाली, त्या दिवशी दुपारी ती व्हरांड्यात उभी होती. शाळेतून भिंगरी येताना दिसली. पायी, हात गळ्यात अडकवलेला. मधला रस्ता ओलांडायला तिने दोन्हीकडे नीट बघितलं, पाऊल टाकलं, आणि अर्ध्या रस्त्यात आली तोच तिचा फोन वाजला.

पोर होती तिथेच थांबली. रस्त्याच्या मधोमध! पाठीवरची बॅग पुढे ओढून, एका हाताने, दातांनी चेन उघडून ती फोन शोधू लागली. वळणावरून बस आली. आत्याने ओरडायला तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना.  बसचा भोंगा कर्कश वाजला, चाकं घासली गेली, खिडकीतून चालक ओरडला, "ए पोरी! मरायचंय का?"

आणि त्या गोंगाटात, भिंगरीचा स्वच्छ, शहाणा आवाज आत्याच्या कानावर आला, "हो आई, मी ठीक आहे. काही नाही गं… भोंगा वाजतोय कुणाचातरी."

आत्या कठड्याला धरून खाली बसली.  आता तिला लख्ख दिसलं. साखळी सायकलला लागली होती, पण धोका सायकलमध्ये नव्हताच! तो त्या नियमात होता, आणि तिच्या खोट्याने त्या नियमाला संरक्षण दिलं होतं. वहिनीला जपता जपता तिने पोरीला रस्त्याच्या मधोमध उभं केलं होतं. उद्या बस थांबली नाही तर? परवा आपण इथे नसलो तर?

संध्याकाळी वहिनी कामावरून आली. स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली, तर दारात आत्या.

"वहिनी, बस जरा. बोलायचंय."

"उद्या बोलू. डोकं ठणकतंय माझं." वहिनीची नजर कोपऱ्यात ठेवलेल्या पिशवीकडे गेली. "जाताय म्हणे. तुमच्या दादांनी सांगितलं."

"उद्या नाही, आत्ताच. वहिनी… मी त्या दिवशी हाक मारली नव्हती."

पेला ओठांपर्यंत गेलेला तसाच थांबला. "म्हणजे?"

"आत्या, नको!" आतल्या खोलीतून भिंगरी धावत आली आणि आत्याला बिलगली. "नको ना सांगूस! तू प्रॉमिस केलं होतंस!"

"मोडतेय मी ते, बाळा. आज तू रस्त्यात उभी होतीस ना, तेव्हाच मोडलं."

वहिनीने लेकीकडे बघितलं. मग नणंदेकडे. तिचा चेहरा उतरत गेला… आणि मग एक विलक्षण गोष्ट घडली. तिने पेला खाली ठेवला, खुर्ची ओढली, आणि ज्या आवाजात ती दिवसभर परक्यांशी बोलायची, तो आवाज त्या घरात पहिल्यांदा ऐकू आला.

"इकडे ये. बस. घाई नाही. काय झालं ते पहिल्यापासून सांग. मी ऐकतेय."

भिंगरी बसली.  "मी पुलावरून उतरत होते. ब्रेक धरलेले होते, आत्याने शिकवलेत तसे. मग… फोन वाजला."

"कुणाचा?"

पोर फरशीकडे बघत राहिली.

"बरं. मग?"

"मी हात सोडला. एक रिंग झाली होती. दुसरी व्हायच्या आत…" आणि मग तिचा बांध फुटला. "मी काढतच होते गं, आई! खरंच काढतच होते! मला उशीर नव्हता करायचा…"

माफी मागत होती ती! मोडक्या हाताने, फोन वेळेत उचलला नाही म्हणून, स्वतःच्या आईची माफी मागत होती!

तो शांत आवाज तिथे संपला. वहिनीने दोन्ही हातांनी लेकीचं डोकं छातीशी ओढून घेतलं, आणि तिच्या तोंडून असा हुंदका आला, की आत्याच्या काळजाचं पाणी झालं. हीच ती भीती… आता ही पुन्हा त्या भिंतीकडे जाणार! आत्या पुढे सरसावली. पण वहिनीने मान वर केली. डोळे वाहत होते, तरी नजर स्थिर होती.

"मला वाटायचं, तिने फोन उचलला की ती जिवंत आहे… आणि मीच तिला… वन्सं, हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"डोळ्यांनी बघितलं होतं."

"आणि मी तुम्हाला काय काय बोलले! मूल नाही म्हणून…"

"जाऊ दे."

"जाऊ कसं देऊ?" वहिनी जवळजवळ ओरडलीच. "तुम्ही भांडायचं होतंत माझ्याशी! थोबाडीत मारायची होतीत!"

"लागलं मला ते, वहिनी. खोटं कशाला बोलू, फार लागलं. रात्र रात्र झोपले नाही." आत्या तिच्याशेजारी बसली. "पण आज तिला बससमोर बघितलं, आणि कळलं की चूक माझीही आहे. तू कोलमडशील म्हणून मी गप्प बसले. तुला कधी विचारलंच नाही, की तुला खरं पेलेल का."

वहिनीने ओल्या डोळ्यांनीच तिच्याकडे बघितलं. "नाही पेलायचं कदाचित. पण तुम्ही असाल ना इथे?"

 वहिनी उठली, कोपऱ्यातली पिशवी उचलून व्हरांड्यात गेली, आणि एकेक वस्तू काढून फळीवर ठेवू लागली. सुरी, खुंट्या, हातोडी… चुकीच्या जागी ठेवत होती, पण आत्याने तिला टोकलं नाही. मग वहिनीने दादाला फोन लावून "वन्सं कुठेही जाणार नाहीत" एवढंच सांगितलं, आणि तो काही विचारायच्या आत ती रडू लागली.

घाव लगेच भरला, असं समजू नका. वहिनी त्यानंतर कित्येक दिवस नीट जेवली नाही. सायकलची साखळी तर प्लास्टर निघाल्यावरही लटकत होती, आणि कुणी तिच्याबद्दल बोलत नव्हतं. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी वहिनीनेच किल्ली आणून आत्याच्या हातात दिली. "तुम्हीच उघडा. माझ्याने नाही होणार." मग तिघींनी बसून ठरवलं. सायकलवर असताना फोन आवाज बंद करून बॅगेत, तळाशी. भिंगरी वाटेत असताना घरातून कुणीही फोन करायचा नाही. बोलायचंच असलं, तर भिंगरीने रस्त्याच्या कडेला उतरून, दोन्ही पाय जमिनीवर टेकून, मगच बोलायचं. पायी चालतानासुद्धा हेच. पोचल्यावर मात्र तिने फोन करायचा.

आणि मग तो दिवस आला. भिंगरी हेल्मेट बांधून पोहण्याच्या तलावाकडे निघाली. कोपऱ्यावरून निळी सायकल वळली, दिसेनाशी झाली, आणि त्या दोघी व्हरांड्यात बसल्या.

कसला भयंकर वेळ होता तो! आत्या वेत ओढत होती, पण पट्टी दोनदा चुकीच्या भोकात गेली. वहिनीच्या मांडीवर फोन होता. तिची बोटं त्याच्याकडे जायची, मागे यायची, पुन्हा जायची.

"पूल ओलांडला असेल ना?"

"ओलांडला असेल."

"एकदाच करू का? फक्त एक रिंग…"

"वहिनी!"

"नाही करत. नाही करत मी." तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले, लहान मुलासारखे.

पोचायची वेळ झाली. फोन आला नाही. मग ती वेळ उलटूनही गेली.  आत्याच्या डोळ्यांपुढे व्हॅन येऊ लागली, बस येऊ लागली, नाही नाही ते येऊ लागलं. वहिनीचा चेहरा राखेसारखा झाला होता.  दोघी एकाच वेळी चपला शोधायला उठल्या…

आणि फोन वाजला.

एक रिंग. वहिनी त्याच्याकडे नुसती बघत राहिली. दुसरी रिंग. तिसरी. आयुष्यात पहिल्यांदाच तिचा हात उठेना. आत्यानेच फोन उचलून तिच्या कानाला लावला.

"आई? मी अजून पोचले नाहीये. पुलाजवळ खोदकाम चाललंय, म्हणून लांबच्या रस्त्याने आले. आत्ता टपाल कचेरीच्या भिंतीपाशी उतरून उभी आहे. दोन्ही पाय खाली आहेत! म्हटलं, तुम्ही दोघी काळजीत असाल."

"बाळा…" वहिनीने फोन दोन्ही हातांनी धरला. "बाळा, नीट जा हं. उतारावर सावकाश. आणि हे बघ, तिथे पोचलीस की लगेच…"

"आई, मी ठेवते आता. उशीर होतोय."

"अगं थांब, अजून एक…"

पण मुलांनो, भिंगरी थांबली नाही. जिथे कुणी कधी आपणहून फोन ठेवला नव्हता, अशा घरातली ती मुलगी. तिने आईचं वाक्य अर्ध्यावर असतानाच फोन ठेवला. फोनचा आवाज बंद करून तो टॉवेलच्याही खाली, बॅगेच्या अगदी तळाशी सरकवला. एक मालवाहू ट्रक समोरून जायचा होता, तो जाऊ दिला. रस्ता मोकळा झाला, तसे दोन्ही हात हँडलवर घट्ट ठेवले, आणि पायडल मारलं.